गाळ कुणाच्या खुराचा?



चंडीमंदिरला पोस्टिंग येऊन आठ महिने झाले. इथे रविवारी जवानांची लिबर्टीची गाडी निघते आणि बहुतेकांना सेक्टर १७ लाच उतरायचं असतं. चंडीगड शहराचा हा मधला चौक. गाड्यांना आत बंदी, चालायला मोकळी फरसबंदी, मध्ये कारंजी, चारी बाजूंनी काँक्रीटच्या एकसारख्या चार मजली इमारती आणि त्यांच्या खाली लांबच लांब व्हरांडे. पोरं खरेदीला जातात, सिनेमाला जातात. मी कधी सेक्टरमधल्याच सरकारी ग्रंथालयात बसतो, नाहीतर बाकावर ऊन खात बसतो.

जानेवारीतल्या अशाच एका रविवारी शेजारी एक म्हातारे गृहस्थ येऊन बसले. अंगात जाड लोकरी पट्टीचा कोट, पाठ ताठ, बूट चकचकीत. फौजी माणूस दुसऱ्या फौजीला बुटांवरून ओळखतो. "राम राम साहब," म्हणाले. कांगड्याकडचे रिटायर्ड हवालदार निघाले. मुलगा इथे नोकरीला, म्हणून थंडीत दोन महिने खाली येतात. जमातीने गद्दी. ही गद्दी म्हणजे सिंहासन नव्हे. हिमाचलात चंबा आणि कांगडा भागात धौलाधार डोंगराच्या दोन्ही अंगांना राहणारी ही मेंढपाळांची जमात. आपल्याकडचे धनगर म्हणा ना.

मी त्यांना सांगितलं, मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याचा, आमच्याकडेही मेंढरं घेऊन फिरणारे लोक आहेत. हवालदारसाहेब एकदम माझ्याकडे वळले आणि विचारलं, "तुम्ही मेंढरंवाले का शेतीवाले?"

"शेतीवाले," मी म्हणालो.

"मग तुम्ही आम्हाला शेतात येऊ देता का?"

त्यांचा भाऊ त्या वेळी मेंढरं घेऊन खाली शिवालिकच्या टेकड्यांत उतरलेला होता. एकीकडे शेतकरी काठी घेऊन उभा, दुसरीकडे वनरक्षक दंडाची पावती घेऊन उभा, असं ते सांगत होते. हे सगळं हिंदीत चाललं होतं, मी मराठीत लिहितोय. मला मात्र उत्तर देता आलं नाही. आमच्या गावचा कोंडवाडा आठवला.

आमच्या गावची गोष्ट

माण म्हणजे पर्जन्यछायेचा मुलूख. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस धो धो कोसळतो आणि आमच्यापर्यंत येईतो त्याचा दम संपतो. माझ्या लहानपणी शेतात बाजरी, शाळू आणि थोडी मटकी. खत म्हणजे गोठ्यातलं शेण आणि मेंढरांची लेंडी. सुगी झाली की वडील धनगरांना निरोप धाडायचे आणि त्यांचा वाडा आमच्या रानात येऊन बसायचा. रात्री तीनचारशे मेंढरं एका तुकड्यात बसवायची, दुसऱ्या रात्री पुढच्या तुकड्यात. लेंडी आणि मूत सरळ मातीत. त्या बदल्यात वडील पायलीने धान्य मोजून द्यायचे. किती रात्री, किती पायल्या, हे तोंडी ठरायचं. कागद नाही, सही नाही.

मी आठवीत असेन. शाळू हुरड्यात आला होता. दुसऱ्या एका वाड्याची मेंढरं पहाटे आमच्या शेजारच्या रानात घुसली. राखणीला असलेलं धनगराचं पोरगं झोपलं होतं. आम्ही गावातली दहाबारा पोरं काठ्या घेऊन धावलो आणि चाळीसेक मेंढरं हाकत नेऊन कोंडवाड्यात कोंडली. मोठा पराक्रम केल्यासारखं वाटत होतं. कोकरं मागे वाड्यावर राहिली आणि त्यांच्या आया कोंडवाड्यात. रात्रभर दोन्हीकडून ओरडणं चालू होतं. धनगरीण कोंडवाड्याच्या दाराशी बसून होती. सकाळी त्यांनी दंड भरला. त्यासाठी दोन बकरी विकावी लागली, असं पुढे कानावर आलं. गर्दीत एक कोकरू तुडवून मेलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

वडील संध्याकाळी जेवताना एवढंच म्हणाले, "ज्यांनी रान पिकवलं त्यांचीच मेंढरं कोंडली." पुढच्या सुगीला कुठलाच वाडा आमच्या शिवारात बसायला आला नाही. त्या वर्षी वडिलांनी युरियाची पोती उधारीवर आणली.

हा कोंडवाडा कुणी आणला, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटायचं तो गावासारखाच जुना असेल. पण गावोगावच्या कोंडवाड्यांमागचा कायदा इंग्रजांचा, १८७१ सालचा. गुरं दुसऱ्याच्या पिकात शिरली तर ती कोंडायची आणि दंड घेऊन सोडायची, अशी त्यात सोय आहे. त्याआधी भांडणं नव्हती असं मुळीच नाही. पण भांडण मिटवायची जागा पार किंवा चावडी होती. तिथे पुढच्या सुगीचं खतही डोळ्यांपुढे असायचं.

दोन डोंगर, एकच हिशोब

हवालदारसाहेबांनी गद्दी लोकांचं वर्षाचं वेळापत्रक सांगितलं आणि मला ते ऐकून नवल वाटलं. थंडीत वर बर्फ, म्हणून कळप कांगड्याच्या खालच्या भागात आणि शिवालिकच्या टेकड्यांत. चैत्र-वैशाखात चढाई सुरू. जूनच्या सुमाराला धौलाधारच्या खिंडी ओलांडायच्या. काही कळप कुगती खिंडीतून थेट लाहौलमध्ये, कारण पावसाळी ढग तिकडे पोचत नाहीत आणि गवत मात्र उत्तम असतं. भादव्यानंतर परत खाली. पाठीशी गद्दी कुत्रा, गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा, बिबट्याने नरडं धरू नये म्हणून. कमरेला काळ्या लोकरीचा जाड दोर गुंडाळलेला, त्याला डोरा म्हणतात.

आता आमचं बघा. माण-फलटणकडचे धनगर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात, भातकापणी झालेल्या खाचरांत मेंढरं बसवतात आणि मृगाच्या आधी घाट चढून परत येतात, कारण कोकणातल्या पावसात मेंढरांचे खूर सडतात. इकडे गद्दी पावसाच्या पलीकडे वर जातो, तिकडे धनगर पावसाच्या पलीकडे देशावर येतो. पाऊस चुकवणं हे दोघांचंही गणित.

दुसरं साम्य खताचं. कांगड्यातला शेतकरीही हिवाळ्यात गद्दीची मेंढरं शेतात बसवून घ्यायचा आणि त्याला धान्य द्यायचा. आमच्या वडिलांचा आणि कांगड्याच्या त्या शेतकऱ्याचा व्यवहार एकच. माणूस वेगळा, डोंगर वेगळा, पायली तीच.

म्हणून मेंढपाळ आणि शेतकरी हे जन्माचे वैरी, हे मला पटत नाही. आपल्या खंडोबाच्या घरात बघा. एक बायको म्हाळसा, वाण्याच्या घरची. दुसरी बाणाई, धनगराची. दोघींचं भांडण अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे. पण भांडण आहे म्हणून कुणी बाणाईला जेजुरीतून हाकलून दिलं नाही. घर एक, भांडण रोजचं, आणि संसार चालू.

मग मोडलं कुठे?

मालक कोण, हे कागदावर ठरलं

१८४६ साली पहिलं शीख युद्ध संपलं आणि कांगडा इंग्रजांकडे गेला. तीन वर्षांनी सगळा पंजाबच गेला. १८५० च्या सुमाराला बार्न्स नावाच्या अधिकाऱ्याने कांगड्याची पहिली पक्की जमाबंदी केली. जमाबंदी म्हणजे जमीन मोजायची, मालक ठरवायचा आणि सारा बसवायचा.

त्याआधी डोंगरी राजांच्या काळात पडीक डोंगर, माळ आणि रान हे राजाचं असायचं. शेतकऱ्याचा हक्क राजाकडून आणि मेंढपाळाच्या चराईचा हक्कही राजाकडूनच. दोघे सारखे. मेंढपाळ आपल्या चराईच्या पट्ट्यासाठी राजाला कर देई आणि त्या पट्ट्याचा वारस म्हणून ओळखला जाई.

बार्न्सने झाडांवर सरकारचा हक्क ठेवला, पण पडीक जमीन गावाची सामाईक ठरवली. ऐकायला हे चांगलंच वाटतं. पण गाव म्हणजे कोण? तर शेतसारा भरणारे खातेदार. जो वर्षातले चारच महिने तिथे असतो, ज्याच्या नावावर नांगरट नाही, तो त्या सामाईकात बसत नव्हता. कालपर्यंत हक्काने चारणारा माणूस आज दुसऱ्याच्या मालकीत चारणारा झाला. पंधराएक वर्षांनी लायल नावाचा दुसरा अधिकारी फेरजमाबंदीला आला. त्याने गद्दींच्या चराईच्या वाटा, वारसा आणि रिवाज तपशीलवार नोंदवले आणि आधीच्या जमाबंदीने काय घोटाळा केला हेही लिहून ठेवलं. पण एकदा सातबारा झाला की तो पुसणं किती कठीण, हे मी तुम्हाला सांगायला नको.

त्यानंतर जंगल खातं आलं. राखीव रानं आली, कुठल्या डोंगरात किती जनावरं चारायची याची मोजदाद आली, प्रत्येक डोक्यामागे कर आला. एका बाजूने नांगर वर चढत होता, दुसऱ्या बाजूने राखीव जंगलाची हद्द खाली सरकत होती. मेंढपाळाची वाट या दोहोंच्या मधे अडकली.

वाळूचे ओढे आणि १९०० चा कायदा

चंडीगडच्या उत्तरेला जी टेकड्यांची रांग दिसते ती शिवालिक. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ डोळ्यांपुढे आणू नका. हे डोंगर वयाने कोवळे. माती, वाळू, गोटे यांचा ढिला थर. हाताने खरवडला तर भुगा निघतो. वर्षाचा बहुतेक पाऊस तीन महिन्यांत पडतो. रान उघडं पडलं की पाण्याबरोबर डोंगरच खाली येतो. डोंगरातून निघणाऱ्या वाळूच्या ओढ्यांना इथे 'चो' म्हणतात. एरवी कोरडे, पावसाळ्यात तासाभरात रोरावत येतात आणि शेतावर वाळू पसरून जातात.

होशियारपूर जिल्ह्यात ही वाळू मोजली गेली. १८५२ साली चोंखाली सुमारे ४८ हजार एकर जमीन होती. १८९६ साली तो आकडा ९४ हजारांच्या वर गेला. चव्वेचाळीस वर्षांत जवळजवळ दुप्पट. खालच्या शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत पिकाची जमीन वाळवंट होत होती. त्याचा आक्रोश खरा होता. तो खोटा ठरवायचा माझा हेतू नाही.

प्रश्न हा की दोष कुणाचा? सरकारी उत्तर तयार होतं: शेळीचा, मेंढीचा, उंटाचा. डोंगरातले गुज्जर आणि मेंढपाळ कळप चारतात, शेळी कोंब खाते, रान वाढत नाही, डोंगर उघडा पडतो. १९०० साली पंजाबचा भूसंरक्षणाचा कायदा झाला. त्याच्या नावातच चो हा शब्द होता. ठरवून दिलेल्या टेकड्यांत शेळ्या, मेंढ्या, उंट चारायला सरकारला बंदी घालता येऊ लागली. नवी जमीन नांगराखाली आणायला, झाडं तोडायला, चुना भाजायला आणि दगड काढायलाही बंदी घालता येत होती.

म्हणजे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं की कारणं अनेक आहेत. जमाबंदीनंतर गावांनी सामाईक रान तोडून शेतं केली होती, लाकूड विकलं होतं, वाढत्या शहरांना आणि छावण्यांना जळण आणि कोळसा पुरवला होता. पण तोडलेलं लाकूड विकून पैसे खिशात गेले की पुरावा उरत नाही, आणि नांगरलेली जमीन सारा देते. शेळी मात्र समोर उभी असते, चरताना दिसते. दोष दिसणाऱ्यावर जातो. पलटणीतही असंच असतं. स्टोअरमध्ये काही कमी पडलं की पहिली नजर संत्र्यावर जाते, कारण तो दारात उभा असतो.

शेळीचा काहीच दोष नाही असं मी म्हणणार नाही. उताराची ढिली माती, वाढलेले कळप आणि वर्षभर मोकाट चराई यांनी रान मरतं, हे मी या टेकड्यांत पायी फिरताना पाहिलं आहे. पण ज्या मेंढपाळाला दहा डोंगर मोकळे होते, त्याला दोनच डोंगरांत कोंडलं तर त्या दोन डोंगरांचं काय होणार? कळप वाढल्याने गर्दी होते, तशी जागा कमी केल्यानेही होते.

आपल्या मुलखात हेच घडत होतं. १८७८ च्या वन कायद्यानंतर सह्याद्रीची रानं राखीव झाली. माथ्यावर म्हशी राखणारे गवळी धनगर खालच्या कुणब्यांना लोणी-तूप देऊन धान्य घ्यायचे. त्यांची रानं आखडत गेली. जोतीराव फुल्यांनी १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये जंगल खात्यावर कोरडे ओढले आहेत ते याच कारणाने. गरीब शेतकरी थोडी शेती आणि चार शेळ्या-मेंढ्या यांवर जगत होता, त्याचं डोंगरातलं चरण जंगल खात्याने हिरावून घेतलं, हे त्यांनी नेमकं धरलं. फुल्यांच्या लेखी शेतकरी आणि मेंढपाळ हे दोन पक्ष नव्हतेच. ते एकाच घरातलं दुखणं सांगत होते.

तलाव भरला गाळाने

आता पुन्हा चंडीगडला येऊ. फाळणीत लाहोर गेलं, पंजाबला राजधानी उरली नाही, म्हणून हे नवं शहर वसवलं. आधीच्या गावांची शेतं घेऊन ल कॉर्ब्युझिए या वास्तुकाराने सेक्टर आखले. ७ ऑक्टोबर १९५३ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उद्घाटन झालं. १९५८ साली शिवालिकमधून येणारा सुखना चो बांध घालून अडवला आणि तलाव केला. आज तिथे संध्याकाळी अर्धं शहर फिरायला येतं.

पण चो आपला स्वभाव सोडत नाही. पंधरासोळा वर्षांत तलावाची निम्म्याहून जास्त साठवण गाळाने भरली. शहराने उपसा सुरू केला. तेव्हा मृद्संधारण संशोधन केंद्राच्या चंडीगड शाखेतले पी. आर. मिश्रा आणि त्यांचे सहकारी गाळाच्या मागावर डोंगरात चढले. माग काढत ते सुखोमाजरी नावाच्या छोट्या गुज्जर वस्तीवर पोचले. शहरापासून साधारण तीस किलोमीटर, आज हरियाणाच्या पंचकुला जिल्ह्यात. उघड्या टेकड्या, खोल घळी, पावसावरची तुटपुंजी शेती आणि भरपूर शेळ्या.

१९०० च्या पद्धतीने जायचं तर तारेचं कुंपण घालून शेळ्यांना दंड करायचा. तसं आधी करून झालं होतं आणि उपयोग शून्य. ज्याच्या घरी दुसरं काही नाही तो रात्री कुंपण वाकवतो. मिश्रांच्या लोकांनी १९७६ मध्ये गावाजवळ मातीचा छोटा बंधारा घातला, मुख्यतः गाळ अडवायला. पण त्यात पाणी साठलं. पिकं वाळत असताना तेच पाणी शेताला मिळालं आणि गावाच्या लक्षात आलं की डोंगर राखला तर पाणी राहतं. डोंगर उघडा राहिला तर बंधारा गाळाने भरणार आणि पाणी जाणार.

यावर भांडण उभं राहिलंच. ज्यांची शेतं बंधाऱ्याखाली त्यांना पाणी मिळणार. ज्यांची शेतं वर किंवा ज्यांना जमीनच नाही, त्यांनी शेळ्या का सोडाव्यात? तोडगा असा निघाला की पाण्यावर प्रत्येक कुटुंबाचा सारखा हक्क. जमीन असो वा नसो. भूमिहीनाने आपला वाटा हवं तर दुसऱ्याला विकावा. त्या बदल्यात सगळ्यांनी मोकाट चराई बंद करायची, गवत कापून आणायचं आणि जनावरं दावणीला बांधायची. तारेच्या कुंपणाऐवजी गावाचा शब्द. त्याला पुढे 'सामाजिक कुंपण' हे नाव पडलं. डोंगरावर भाबर गवत परत आलं. त्याचे दोर वळतात आणि कागदाच्या गिरणीतही ते जातं. गावात शेळ्या झपाट्याने कमी झाल्या, म्हशी वाढल्या, दूध वाढलं. सुखन्याकडे जाणारा गाळ घटला.

पुढे बंधारे गाळाने भरू लागले, वाटपाची शिस्तही सैल झाली, हे सांगितलं पाहिजे. तरी त्या दहापंधरा वर्षांत जे झालं ते खोटं नाही.

मराठी वाचकाला हे ऐकून राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार आठवणार. बरोबर आहे. अण्णा हजारे आपल्याच पठडीतले, फौजेतून परतलेले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान हे शब्द आपल्या खेड्यापाड्यांत पोचले ते या दोन गावांमुळे. पाणी अडलं, माळ हिरवे झाले. आपण सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं आणि करायलाच हवं.

पण सेक्टर १७ च्या त्या बाकावर हवालदारसाहेबांनी एक गोष्ट विचारली ती माझ्या डोक्यातून जात नाही. मी त्यांना सुखोमाजरीचं मोठ्या उत्साहाने सांगत होतो. ते म्हणाले, "साहब, तिथे शेळी ज्याची, शेतही त्याचंच. त्याने एका हाताने सोडलं, दुसऱ्या हाताने घेतलं. माझ्या भावाचं त्या गावात काय आहे? तो वर्षातून पंधरा दिवस तिथून जातो. त्याला पाण्याचा वाटा कोण देणार?"

विचार केला तर सगळी गोम इथेच आहे. सुखोमाजरीत तोडगा टिकला कारण मेंढपाळ आणि शेतकरी हे एकाच घरात, एकाच बैठकीत होते. ज्याच्याकडून शेळ्या सोडवल्या त्यालाच पाणी दिलं. आपल्या गावांत चराईबंदीचा ठराव होतो तेव्हा ग्रामसभेत हात वर करणारे सगळे शेतीवाले असतात. ज्याच्यावर बंदी पडते तो धनगर त्या दिवशी तीन तालुके पलीकडे असतो. त्याला कळतं ते काठी पाहिल्यावर. बार्न्सने १८५० साली 'गाव' या शब्दातून ज्याला वगळलं, त्याला आपणही वगळतो. फरक इतकाच की त्याला मेंढपाळ नीट ठाऊक नव्हता. आपल्या तर रानात तो पिढ्यान्‌पिढ्या बसत आला.

फौजी माणसाने हे का सांगावं

कुणी म्हणेल, सुभेदारसाहेब, तुमचा काय संबंध? संबंध आहे. ५ ऑगस्ट १९६५ ला काश्मीरमध्ये घुसखोर आलेत ही खबर तंगमर्गजवळ पोलिसांना दिली ती मोहम्मद दीन या गुराख्याने. मे १९९९ मध्ये बटालिककडे आपला हरवलेला याक शोधायला चढलेल्या ताशी नामग्यालने डोंगरावर अनोळखी माणसं पाहिली आणि आपल्या लोकांना कळवलं. पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. आपल्यातले काही जण तिथे होते. ज्या उंचीवर नांगर चालत नाही, तिथे आपले डोळे म्हणजे चारणारे लोक. ते खाली उतरून शहरात चौकीदार झाले तर ती उंची रिकामी राहते. याची किंमत कुठल्याही जमाबंदीत लिहिलेली नाही.

आणि आपल्या मराठ्यांनी तर हे विसरूच नये. चंडीगडहून पन्नासेक किलोमीटरवर सरहिंद आहे. मार्च १७५८ मध्ये मराठी फौजांनी ते घेतलं आणि पुढे लाहोर गाठलं. त्या मोहिमेत राघोबादादांबरोबर मल्हारराव होळकर होते. धनगराच्या घरात जन्मलेला माणूस. मी सरहिंदला गेलो होतो तेव्हा हेच मनात आलं की या मुलखात आपलं नाव नेणाऱ्याच्या जातभाईंची मेंढरं मी कोंडवाड्यात हाकली होती.

आता काय

कायदा पूर्ण आंधळा राहिलेला नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात फिरत्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. पण कायद्यातलं वाक्य वनरक्षकाच्या चौकीपर्यंत आणि शेताच्या बांधापर्यंत पोचायला वेळ लागतो. दरम्यान कांगडा-चंब्याच्या उतारांवर सफरचंदं आणि इतर फळबागा चढल्या, लाहौलमध्ये मटार आणि बटाटा आला, आणि आमच्या माणमध्ये उपशाचं पाणी आलं. वर्षभर शिवार हिरवं. शेतकऱ्याचं भलं झालं, माझ्याही घरचं झालं. पण सुगीनंतर रान मोकळं पडायचं ते दिवस संपले आणि मेंढरांची जुनी वाट पिकाखाली गेली.

मागच्या आठवड्यात धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, औंदा मेंढरं बसवू का न्हाय रानात? डाळिंबाला लेंडीखत पायजेच. पर गावात ठराव करायचं चाललंय, की बाहेरची मेंढरं शिवारात येऊच द्यायची न्हाईत. तू फौजी माणूस, तुझं ऐकत्याल. काय सांगू?"

गंमत बघा. खत पाहिजे, मेंढरू नको.

मी त्याला तीन गोष्टी सांगितल्या. ठराव करायचाच असेल तर आपल्याकडे नेहमी येणाऱ्या दोनतीन वाड्यांच्या कारभाऱ्यांना निरोप देऊन बोलवा आणि त्यांच्यासमोर करा. ओढ्याच्या कडेने मेंढरांना जायला वाट ठेवा आणि तिच्यावर कुणी पीक घेऊ नये. नुकसान झालं तर पंचांनी त्याच दिवशी पाहून भरपाई ठरवावी, जनावर कोंडू नये. हे ऐकतील का, ठाऊक नाही. एप्रिलमध्ये रजा मिळाली तर स्वतः ग्रामसभेला बसणार आहे. कोंडवाड्याची गोष्टही तिथेच सांगेन. त्या पोरांतली चारपाच जणं आज पंच आहेत.

हवालदारसाहेब परवा पुन्हा भेटले. भावाचा कळप नालागढच्या अलीकडे आहे, वनरक्षकाने एकदा दंड केला, एका शेतकऱ्याने मात्र सात रात्री मेंढरं बसवून घेतली आणि गहू दिला. "अजून आहेत असे लोक," म्हणाले. चैत्रात कळप वर निघेल तेव्हा एक मुक्काम बघायला या, असं आमंत्रण आहे. जमलं तर पुढचा लेख तिथून.

जय हिंद.